विश्लेषण : थायलंडमध्ये ‘हो’ म्हणजे होकारच असतो का? परदेशी रहिवाशांची गल्लत नेमकी कुठे होते?

थायलंडमध्ये २०२४ या वर्षात साडेतीन कोटींहून अधिक परदेशी पर्यटक आले. त्यात भारतीयांची संख्या २० लाखांहून अधिक होती. पर्यटक चार-आठ दिवसांत परततो आणि त्याच्या चुका हसून सोडून दिल्या जातात. मात्र नोकरी, शिक्षण, विवाह किंवा निवृत्तीनंतरचे आयुष्य यासाठी तेथे मुक्काम करणाऱ्यांना ही सवलत फार काळ मिळत नाही. चपला दाराबाहेर काढाव्यात, कुणाच्या डोक्याला हात लावू नये, हे नियम ते आठवड्याभरात शिकतात. अडचण त्यानंतर सुरू होते. समोरचा ‘हो’ म्हणाला तेव्हा त्याला काय म्हणायचे होते, तो हसला तेव्हा तो खूश होता की नाराज, हे ओळखण्यात अनेक वर्षे राहिलेले परदेशीही चुकतात. या गल्लतीची किंमत कधी तुटलेली मैत्री असते, कधी गेलेली नोकरी, तर कधी न्यायालयाची पायरी.

हा विषय आता चर्चेत का?

करोनानंतर पर्यटन सावरण्यासाठी थायलंडने दारे मोठ्या प्रमाणावर उघडली. १५ जुलै २०२४ पासून भारतासह ९३ देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहण्याची मुभा देण्यात आली. त्याच सुमारास ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ सुरू झाला. पाच वर्षे मुदतीच्या या व्हिसावर एका वेळी १८० दिवस राहता येते. लॅपटॉपवर कुठूनही काम करणारे, तसेच थाई मुष्टियुद्ध किंवा थाई पाककला शिकायला येणारे यांच्यासाठी तो आहे. परिणामी पर्यटक आणि रहिवासी यांच्या मधला एक मोठा वर्ग तयार झाला. हे लोक तेथे महिनोन्‌महिने राहतात, पण त्यांना भाषा येत नाही.

याच काळात स्थानिकांची नाराजीही उघड होऊ लागली. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस फुकेत बेटावर समुद्रकिनारी एका बंगल्याच्या पायऱ्यांवर थाई महिला डॉक्टर बसली होती. तिला पाठीमागून लाथ मारल्याचा आरोप तेथे राहणाऱ्या एका परदेशी व्यक्तीवर झाला. आपला तोल गेला, असे त्याचे म्हणणे होते. मार्चमध्ये शेकडो स्थानिक त्या किनाऱ्यावर निदर्शनांसाठी जमले आणि त्या व्यक्तीचा व्हिसा रद्द करण्यात आला. न्यायालयीन बाजू काहीही असो, एका घटनेवरून बेट रस्त्यावर का उतरले, हा प्रश्न महत्त्वाचा. किनारा सार्वजनिक की खासगी हा वाद त्यात होताच. पण आरोप लाथेचा होता, हेही तितकेच महत्त्वाचे.

पायाला आणि डोक्याला एवढे महत्त्व का?

थाई समजुतीनुसार शरीरात डोके सर्वात पवित्र आणि पाय सर्वात खालच्या दर्जाचे. त्यामुळे पायाने वस्तू सरकवणे, पायाने दार लोटणे, बुद्धमूर्तीकडे किंवा माणसाकडे तळवे करून बसणे, बसलेल्या व्यक्तीला ओलांडून जाणे हे सारे अपमानास्पद ठरते. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या मराठी माणसाला हे सांगावे लागत नाही. युरोप-अमेरिकेतून आलेल्याला मात्र लागते.

पण भारतीयांची गल्लत नेमकी या ओळखीतून होते. थाई ‘वाय’ आपल्या नमस्कारासारखाच दिसतो, मात्र त्याचे नियम वेगळे आहेत. वयाने किंवा पदाने लहान असलेल्याने आधी वाय करायचा आणि मोठ्याने उत्तर द्यायचे, ही रीत आहे. जोडलेले हात छातीशी, हनुवटीशी की कपाळाशी, यावरून समोरच्याचा मान ठरतो. भिक्खू सामान्यांच्या वायला वाय करून उत्तर देत नाहीत. दुकानातील मुलीने वाय केला तर हसून मान हलवणे पुरेसे असते. तिला परदेशी ग्राहकाने वाकून दोन्ही हात जोडले, तर ती अवघडते. आपल्याकडे नमस्कार सर्वांना सरसकट चालतो, तेथे वाय ही दर्जाची नोंद असते.

भाषा शिकताना अडते कुठे?

थाई भाषेत पाच सूर आहेत. एकच अक्षरसमूह वेगळ्या सुरात उच्चारला की शब्द बदलतो. ‘क्लाय’ सपाट सुरात म्हणजे ‘दूर’, तर उतरत्या सुरात ‘जवळ’. टॅक्सीचालकाला पत्ता विचारणाऱ्याची यात किती फसगत होईल, हे सांगायला नको. ‘माs’ सपाट सुरात म्हणजे ‘येणे’, उंच सुरात ‘घोडा’ आणि चढत्या सुरात ‘कुत्रा’. ‘सुअय’ चढत्या सुरात म्हटले तर ‘सुंदर’, सपाट सुरात म्हटले तर ‘दुर्दैवी’. मराठी किंवा इंग्रजी बोलणारा प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी आवाज आपोआप चढवतो. थाईमध्ये तसे केले तर शेवटचा शब्दच बदलण्याचा धोका असतो. प्रश्नासाठी तेथे वेगळा शब्द जोडतात.

मराठी भाषकांना एका बाबतीत सोपे जाते. प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतील जो फरक इंग्रजी भाषकांना ऐकू येत नाही, तो थाईत आहे आणि आपल्याला सवयीचा आहे. शब्दही ओळखीचे भेटतात. ‘फासा’ म्हणजे भाषा, ‘आहान’ म्हणजे आहार, ‘खरू’ म्हणजे गुरू, ‘आचान’ म्हणजे आचार्य, ‘महाविथयालाय’ म्हणजे विद्यापीठ. दूरध्वनीला थाई शब्द आहे ‘थोरासाप’. त्याची फोड ‘दूर’ आणि ‘शब्द’ अशी होते. मात्र लिहिलेले आणि बोललेले यांत अंतर आहे. बँकॉकच्या विमानतळाचे नाव ‘सुवर्णभूमी’ असे लिहिले जाते, पण उच्चार ‘सुवन्नाफूम’ असा होतो. भारतीय माणसाने संस्कृत उच्चार केला, तर टॅक्सीचालकाला कदाचित कळणारही नाही. शिवाय थाई लिपीत ४४ व्यंजनचिन्हे आहेत आणि शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. त्यामुळे फलक वाचण्यासाठी शब्द कुठे संपतो हे आधी माहीत असावे लागते.

‘स्वस्ति’वरून आलेला ‘सवातदी’ हा अभिवादनाचा शब्दही वाटतो तितका प्राचीन नाही. बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठात तो घडला आणि पंतप्रधान फिबून यांच्या सरकारने १९४३ मध्ये तो अधिकृत केला. त्याआधीपासून चालत आलेली आणि आजही घरोघरी ऐकू येणारी विचारणा म्हणजे ‘जेवलात का?’ आणि ‘कुठे निघालात?’ पाश्चात्त्यांना दुसरा प्रश्न खासगी चौकशी वाटतो. आपल्याकडे निघालेल्या माणसाला ‘कुठे’ असे विचारू नये म्हणतात. तेथे तो निव्वळ आपुलकीचा असतो आणि ‘जरा फिरून येतो’ एवढे उत्तर पुरते.

‘मी’ आणि ‘तुम्ही’ यांसाठी एवढे शब्द का?

मराठीत ‘तू, तुम्ही, आपण’ यांतून निवड करावी लागते. थाईत ‘मी’ म्हणतानाही निवड करावी लागते. पुरुष सभ्यपणे बोलताना ‘फोम’ म्हणतो, स्त्री औपचारिक प्रसंगी ‘दिछान’ म्हणते. तरुण मुलगी मोठ्यांसमोर स्वतःला ‘नू’ म्हणजे उंदीर म्हणवते. अगदी जवळच्या मित्रांत ‘कू’ आणि ‘मुंग’ चालतात, अनोळखी माणसाला उद्देशून तेच शब्द शिवी ठरतात. वाक्याच्या शेवटी पुरुषाने ‘ख्राप’ आणि स्त्रीने ‘खा’ म्हणणे हा सभ्यतेचा किमान नियम आहे. भाषा जोडीदाराकडून शिकणारे परदेशी पुरुष अनेकदा ‘खा’ म्हणू लागतात आणि ऐकणाऱ्यांना हसू आवरत नाही.

बहुतेक वेळा सर्वनामाची जागा नाते घेते. वयाने थोडा मोठा तो किंवा ती ‘फी’, लहान तो किंवा ती ‘नाँग’. त्याहून मोठ्यांना काका-मावशी-आजोबा यांसाठीचे शब्द. भाजीवालीला मावशी आणि रिक्षावाल्याला दादा म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे जवळचे वाटेल. म्हणूनच पहिल्या भेटीत थाई माणूस वय विचारतो. युरोपीय व्यक्तीला हा आगाऊपणा वाटतो. वास्तविक वय कळल्याशिवाय पुढचे वाक्य कसे बोलावे, हेच त्याला ठरवता येत नसते.

‘खाणे’ या एका क्रियापदाचे उदाहरण पुरेसे आहे. घरी ‘किन’, औपचारिक प्रसंगी ‘रप-प्रथान’, भिक्खूंसाठी ‘छन’ आणि राजघराण्यासाठी ‘सवेय’. राजघराण्याविषयी बोलण्याच्या स्वतंत्र शब्दसंग्रहाला ‘राचासाप’, म्हणजे राजशब्द, असे नाव आहे.

नावांचाही गोंधळ होतो. थायलंडमध्ये आडनावे १९१३ च्या कायद्याने आली. रोजच्या व्यवहारात ती जवळपास वापरली जात नाहीत. पंतप्रधानांनाही वृत्तपत्रे थाक्सिन, प्रयुत, स्रेत्था अशी पहिल्या नावाने ओळखतात. कार्यालयात तर टोपणनावच चालते. लेक म्हणजे लहान, मू म्हणजे डुक्कर, किंवा थेट ‘गोल्फ’ आणि ‘बँक’. अनेक वर्षे शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचे खरे नाव ठाऊक नसणे तेथे नवलाचे नाही.

‘क्रेंग चाय’ म्हणजे काय?

थाई समाज समजून घेण्याची ही किल्ली आहे. ‘चाय’ म्हणजे मन किंवा हृदय. ‘खाव चाय’ म्हणजे मनात शिरणे, अर्थात समजणे. ‘चाय येन’ म्हणजे थंड मनाचा, ‘चाय रॉन’ म्हणजे तापट. ‘क्रेंग चाय’ म्हणजे समोरच्याला त्रास होऊ नये, त्याला अवघडल्यासारखे वाटू नये यासाठी स्वतःला आवरणे. मराठीतील ‘भीड’ हा शब्द त्याच्या सर्वात जवळ जातो. फरक असा की ‘भीड भिकेची बहीण’ असे आपण म्हणतो आणि भिडस्तपणाला दोष मानतो. थाई संस्कारात ती सुसंस्कृतपणाची खूण आहे.

यातूनच ‘हो’चा घोटाळा होतो. थाईत ‘हो’साठी सर्व ठिकाणी चालणारा एक शब्द नाही. ‘जाणार का?’ याला उत्तर ‘जाणार’ असे क्रियापदानेच दिले जाते. नुसते ‘ख्राप’ किंवा ‘खा’ हे बहुधा आपल्या ‘हं’सारखे असते. ऐकतो आहे एवढाच त्याचा अर्थ. परदेशी व्यवस्थापक तो होकार मानतो. ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ या प्रश्नाला वरिष्ठाच्या तोंडावर ‘होणार नाही’ असे म्हणणे कनिष्ठाला उद्धटपणाचे वाटते. मग शुक्रवारी काम झालेले नसते. परदेशी व्यक्ती म्हणते, खोटे बोलले. थाई कर्मचारी म्हणतो, मी थांबलो होतो, मान खाली घातली होती, यांना कळायला हवे होते.

वर्गातही हेच घडते. ‘समजले का?’ असे शिक्षकाने विचारल्यावर सारे मान हलवतात. ‘समजले नाही’ म्हणणे म्हणजे नीट शिकवले नाही असे शिक्षकाला सुनावणे. तेथे मुरलेले परदेशी शिक्षक म्हणून असा प्रश्नच विचारत नाहीत. ते मुलांना उदाहरण सोडवायला लावतात. कार्यालयातही ‘होईल का?’ याऐवजी ‘यात अडचण कुठली येऊ शकेल?’ असे विचारले आणि तेही चारचौघांत न विचारता एकट्याला विचारले, तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

नाराजी ओळखायची कशी?

चारचौघांत मान खाली घालायला लागणे याला थाईत ‘सीया ना’ म्हणतात. शब्दशः अर्थ चेहरा गमावणे. सरकारी खिडकीवर आवाज चढवणाऱ्याचे काम रखडते ते यामुळे. कर्मचाऱ्याने त्या क्षणी माघार घेतली, तर सर्वांसमोर त्याचा चेहरा जातो. म्हणजे आवाज चढवून परदेशी व्यक्तीने त्याचा परतीचा रस्ता स्वतःच बंद केलेला असतो.

उलट बाजूने थाई नाराजी आवाज न करता येते. फोन उचलला जात नाही, आमंत्रणे थांबतात, हसू तसेच राहते. ‘माय पेन राय’, म्हणजे ‘असू द्या, काही हरकत नाही’, हे वाक्य खरोखरची क्षमा असू शकते किंवा विषय इथेच थांबवा, असा इशाराही. पाश्चात्त्य आणि भारतीय, दोघांनाही भांडण झाले की मोकळे झाल्यासारखे वाटते. थाई समाजात उघड भांडण ही बहुधा नात्याची अखेर असते.

तक्रार सार्वजनिक केली तर कायदाही आड येऊ शकतो. थायलंडमध्ये बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. २०२० मध्ये तेथे काम करणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाने एका बेटावरील हॉटेलबद्दल इंटरनेटवर वाईट अभिप्राय लिहिले. हॉटेलच्या तक्रारीवरून त्याला अटक झाली. अखेरीस माफीनंतर प्रकरण मिटले. ज्या कृतीला इतरत्र ग्राहकाचा हक्क मानतात, तिला तेथे चेहरा घालवणे मानले जाऊ शकते.

सर्व परदेशी सारखेच मोजले जातात का?

नाही, आणि हे शब्दांतच दिसते. गोऱ्या परदेशी व्यक्तीला ‘फरांग’ म्हणतात. हा शब्द आणि आपला ‘फिरंगी’ एकाच मुळातून आले आहेत. गंमत म्हणजे पेरूलाही थाईत ‘फरांग’च म्हणतात. भारतीय, अरब, मलय यांना ‘खॅक’ म्हणतात. मूळ अर्थ पाहुणा. बँकॉकमधील सीलोम भागातील मारियम्मन मंदिर ‘वात खॅक’ म्हणूनच ओळखले जाते. हा शब्द नेहमी अपमानकारक नसतो, पण काही वेळा त्यात हेटाळणी असते. ती आवाजावरून आणि प्रसंगावरूनच ओळखावी लागते. थाई लोक गणपतीला ‘फ्रा फिखनेत’ म्हणून पुजतात, ललित कला विभागाच्या चिन्हावरही गणेश आहे. तरीही त्या श्रद्धेमुळे भारतीय माणसाला आपोआप मान मिळतो, असे नाही.

कायद्यातील शब्द आहे ‘तांग दाव’, म्हणजे परका. बोलताना तो प्रामुख्याने म्यानमार, कंबोडिया आणि लाओसमधून आलेल्या कामगारांना लावला जातो. थायलंडमधील बहुसंख्य परदेशी कामगार हेच आहेत. समुत साखोनमधील मासळी उद्योग, बांधकामे आणि घरकाम त्यांच्या जिवावर चालते. फरांगने दोन वाक्ये थाईत बोलली तर कौतुक होते. म्यानमारच्या कामगाराने ती बोलणे गृहीत धरलेले असते. जुलै २०२५ मधील सीमासंघर्षानंतर लाखो कंबोडियन कामगार मायदेशी परतले. भाषा येणे, चालीरीती पाळणे याने त्यांचे स्थान सुरक्षित झाले नव्हते. म्हणजे संस्कृती समजून घेतली की प्रश्न सुटतो, हा सल्लाही मुख्यतः सुस्थितीतील परदेशींना लागू पडतो.

रोजच्या व्यवहारात आणखी काय वेगळे?

वेळेपासून सुरुवात होते. बोलीत दिवसाचे सहा-सहा तासांचे भाग पाडतात. ‘बाय साम’ म्हणजे दुपारचे तीन, ‘ती साम’ म्हणजे पहाटेचे तीन, पण ‘साम थुम’ म्हणजे रात्रीचे नऊ. ‘साम’ म्हणजे तीन एवढेच शिकलेला माणूस सहा तास आधी पोहोचतो. सन बुद्धवर्षानुसार लिहितात. २०२५ म्हणजे तेथे २५६८. घरभाड्याचा करार किंवा औषधाची मुदत वाचताना ५४३ वर्षे वजा करावी लागतात. राष्ट्रीय उद्यानांच्या फलकांवर परदेशींचे शुल्क नेहमीच्या अंकांत आणि थाई नागरिकांचे थाई अंकांत असते. वेगळ्या दरावरून पाश्चात्त्य चिडतात. अजिंठा-वेरूळला परदेशींना वेगळे तिकीट असते हे ठाऊक असलेल्या भारतीयाला त्याचे नवल वाटू नये.

जेवताना घास चमच्याने घेतात. काटा फक्त अन्न चमच्यात ढकलण्यासाठी असतो. चॉपस्टिक प्रामुख्याने नूडल्ससाठी. पदार्थ मध्यभागी ठेवून सर्वांनी थोडे थोडे घ्यायचे असते. बसल्याबरोबर ताट भरून घेणारा पाहुणा अधाशी ठरतो.

कायद्याची रेषा कुठे आहे?

सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागते आणि लोक जागच्या जागी थांबतात. राजघराण्याबाबत मात्र प्रश्न शिष्टाचारापुरता राहत नाही. दंडविधानाच्या कलम ११२ नुसार राजा, राणी, वारस किंवा राजप्रतिनिधी यांच्या अवमानासाठी प्रत्येक गुन्ह्यामागे ३ ते १५ वर्षे कारावासाची तरतूद आहे. परदेशी नागरिकांना त्यात सूट नाही. एप्रिल २०२५ मध्ये तेथे अनेक वर्षे शिकवणाऱ्या एका अमेरिकी अभ्यासकाला याच कलमाखाली अटक झाली. पुढे खटला न चालवण्याचा निर्णय झाला, तरी त्याला देश सोडावा लागला. दीर्घकाळ राहिल्याने आपण घरचे झालो, ही समजूत तेथे धोक्याची ठरते. दर ९० दिवसांनी राहण्याच्या पत्त्याची नोंद करावी लागते, ती याची आठवण करून देतेच.

हे सारे थाई लोकांना तरी मान्य आहे का?

एकमताने नाही. २०२० मधील विद्यार्थी आंदोलनांत शाळांमधील केसांचे नियम, वरिष्ठांपुढे निमूट राहण्याची सक्ती आणि कलम ११२, या साऱ्यांवर तरुणांनी उघड प्रश्न विचारले. क्रेंग चाय हा सद्‌गुण आहे की सत्तेपुढे गप्प बसवण्याचे साधन, ही चर्चा थाई घरांतही चालते. शिवाय देश एकसाची नाही. ईशान्येकडील इसान भागात लाओशी जवळची भाषा बोलतात, उत्तरेत वेगळी बोली आहे आणि दक्षिण टोकाला मलय भाषक मुस्लिमांची वस्ती आहे. ‘थाई लोक असेच असतात’ हे वाक्य म्हणूनच जपून वापरायला हवे.

मात्र या चर्चेत कोणी बोलावे, याचेही नियम आहेत. थाई तरुणाने वरिष्ठाला प्रश्न विचारणे हा त्याच्या घरातला वाद असतो. परदेशी व्यक्तीने तोच प्रश्न चढ्या आवाजात विचारला की तो पाहुण्याचा उद्धटपणा ठरतो. अनेक वर्षे राहिलेल्या परदेशींचा अनुभव एवढेच सांगतो की चुकीच्या सुराला थाई माणूस सहज माफ करतो, बोललेले दुरुस्तही करून देतो. चारचौघांत केलेला अपमान मात्र तो विसरत नाही, आणि विसरलेला नाही हे कळूही देत नाही. त्यामुळे तेथे राहायला जाणाऱ्याने शब्दांच्या यादीबरोबर समोरच्याचे थांबणे ऐकण्याची सवय लावून घेणे अधिक उपयोगाचे.